पांढऱ्या खोळी

कमरजहांबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि आता आराम करा असा सल्ला दिला. शाल त्यांनी वापरली, नारळाची चटणी केली, सल्ल्याचं काय करायचं ते मात्र त्यांना कळेना. महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता. मुलांचा गोंगाट नसलेल्या घरात त्यांना दुपारी डोळासुद्धा लागत नसे. त्यांचे यजमान शमशुद्दीन यांचा भवानी पेठेत गादी कारखाना होता. तो आता पुतण्या फैझल बघायचा. शमशुद्दीन तरीही रोज सकाळी तिथे जाऊन बसायचे आणि फोमच्या गाद्यांविषयीचं आपलं मत गिऱ्हाइकांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचे.

दर उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्याची मिरची बाई मार्केट यार्डातून आणायच्या, तीही रावसाहेबांच्याच गाळ्यावरून. रावसाहेब भुसार बाजारातले जुने व्यापारी. बोलणं तुटक, पण माल चोख. त्या वर्षी बाई गेल्या तेव्हा देठ काढलेली मिरची संपली होती. हवी असेल तर थोडं थांबा, मागे बायका निवडतायत, असं रावसाहेब म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलायला लागले. थांबायचंच आहे तर बघू तरी, म्हणून बाई गाळ्याच्या मागच्या बाजूला गेल्या.

मागे मिरचीचा हा मोठा ढीग होता. त्याभोवती नाकाला पदर बांधून सात-आठ बायका देठ खुडत बसल्या होत्या. भिंतीकडेला रिकामी पोती अंथरून त्यांची लहान मुलं निजवलेली होती. त्यात वर्षभराची एक मुलगी होती. गोणपाटाच्या विणीचे वळ तिच्या गालावर जसेच्या तसे उमटलेले. बाई बघत असतानाच ती जागी झाली, पोत्यावर हात घासत उठून बसली आणि तेच हात तिने डोळ्यांना लावले. मग ती जी किंचाळली, ते ऐकून ढिगाजवळची एक बाई धावत आली आणि मुलीपासून हातभर अंतरावर थबकली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मिरचीने माखले होते. मुलगी आईकडे हात पसरून रडत होती आणि आईला तिला उचलता येत नव्हतं.

कमरजहांबाईंनी मुलीला उचललं. पर्समधल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिचे डोळे पुन्हा पुन्हा धुतले, आपल्या ओढणीने टिपले. आई तेवढा वेळ हात अंगापासून लांब धरून उभी होती. तिचं नाव रुपाली, मुलीचं तनया. बाईंनी विचारलं, रोज असं होतं का. रुपाली म्हणाली, "रोज न्हाय. वारं सुटलं की होतं."

मिरची न घेताच बाई पुढे आल्या. रावसाहेबांच्या गाळ्यावर माळा होता. त्यात जुने वजनकाटे, फुटक्या खुर्च्या आणि उंदीर यांशिवाय काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तो माळा त्यांनी मागितला. इथल्या बायकांची लहान मुलं दिवसभर तिथे सांभाळीन म्हणाल्या.

"मला शाळा काढायची नाही, बाई," रावसाहेब म्हणाले.

"मलाही नाही. आत्ताच एकीतून सुटलेय."

रावसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि किल्ली दिली. वर, उंदरांचं तुमचं तुम्ही बघा, असंही सांगितलं.

माळा झाडून, धुऊन, चुना लावून झाला. मिरचीची धूळ वर येऊ नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी जाड पडदा लागला. राहिला प्रश्न अंथरुणांचा. हे ऐकल्यावर शमशुद्दीन एकदम तरतरीत झाले. गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे कुणी लहान मुलाची कापसाची गादी मागितली नव्हती. लोक बाळांनासुद्धा फोमवर निजवायला लागले होते. त्यांनी स्वतः बसून कापूस पिंजून घेतला, बोटांनी कचरा वेचला आणि हातभर रुंदीच्या छोट्या गाद्या भरल्या. फार मऊ नाही, फार टणक नाही. लहान मुलाचं नाक गादीत रुतता कामा नये, असं ते म्हणायचे आणि दर गादीवर तळहात दाबून बघायचे.

गाद्यांवर नवराबायकोचं एकमत होतं. खोळीच्या कापडावरून मात्र वाजलं. शमशुद्दीन म्हणाले, गादीपाट घे, निळ्या पट्ट्यांचा. जाड असतो, टिकतो, डाग दिसत नाही.

"डाग दिसायलाच हवा," बाई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मिरचीचा कण, मुंगी, ढेकूण, रक्ताचा थेंब, बिघडलेली शी, काहीही असो, पोराच्या अंगाखाली गेल्या गेल्या दिसलं पाहिजे. गडद कापडावर घाण असतेच, फक्त आपण ती नाही असं समजतो. त्यांना पांढरं सुती कापड हवं होतं, अगदी दुधासारखं पांढरं. शमशुद्दीन काहीतरी बोलणार होते, पण बाईंचा आवाज वर्गावरचा झालेला पाहून गप्प बसले. कापड आलं, खोळी शिवल्या. माळ्यावर ओळीने अंथरलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र गाद्या बघून बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मोबाइलवर फोटो काढून शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना पाठवला.

पहिल्या दिवशी सकाळी बायका मुलं घेऊन जिना चढून आल्या. दारातून आत बघितलं, एकमेकींकडे बघितलं. दोघी-तिघी आल्या पावली परत गेल्या. बाकीच्या आत आल्या, पण कुणीच मुलाला गादीवर ठेवलं नाही. पदर अंथरून, नाहीतर घरून आणलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर, गादीच्या शेजारी फरशीवर निजवलं. रुपालीनेही तनयाला फरशीवरच ठेवलं आणि मान खाली घालून कामाला गेली.

बाईंना वाटलं, गादी मळेल म्हणून या लाजतायत. त्यांनी रोज समजावलं की मळू देत, डाग दिसावा म्हणूनच पांढरं घेतलंय, धुवायला मी आहे. दुसऱ्या दिवशी स्वतः एका मुलाला उचलून गादीवर निजवलं. दुपारी त्याची आई आली आणि तिने त्याला उचलून खाली ठेवलं. आठवडा असाच गेला. मुलं फरशीवर आणि मध्ये रिकाम्या पांढऱ्या गाद्या. कमरजहांबाई मनातून दुखावल्या. घरी तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण शमशुद्दीनना भाजीत मीठ दोनदा पडलेलं कळत होतं.

शेवटी एका संध्याकाळी, बाकीच्या गेल्यावर, रुपाली मागे राहिली. तनया तिच्या खांद्यावर पेंगत होती. जरा वेळ ती दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "बाई, रागावू नका. गाद्या चांगल्या हायती. पण ते पांढरं कापड... हिच्या आधी मला मुलगा होता. तो गेला तवा मामांनी असंच कापड आणलं दुकानातनं. कोरं. त्याच्या अंगाला नवं कापड तेवढंच लागलं." थोडं थांबून ती म्हणाली, "हिला त्याच्यावर ठेवायला माझा हात धजत न्हाय."

कमरजहांबाई खाली बसल्या. आपल्या अम्मीला शेवटची अंघोळ घालताना त्या स्वतः तिथे होत्या. कापड फाडल्याचा तो आवाज त्यांच्या चांगला लक्षात होता. रुपालीच्या मुलाला गुंडाळलेलं आणि अम्मीला गुंडाळलेलं कापड एकाच ताग्याचं म्हटलं तरी चाललं असतं. आणि या खोळी शिवायला देताना ते आपल्या मनातसुद्धा आलं नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं. पोरांची काळजी करण्याच्या भरात त्या आयांच्या डोळ्यांनी बघायचं राहून गेलं होतं.

त्यांनी खुलासा केला नाही, स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं नाही. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाल्या. मग रुपालीला सांगितलं, तनयाला जरा खाली ठेव आणि मला हात लाव. दोघींनी मिळून सगळ्या खोळी काढल्या.

घरी शमशुद्दीननी ते गाठोडं बघितलं आणि काय झालं ते विचारलं. बाईंनी सांगितलं. ते म्हणाले की कापड फाडताना माझ्याही मनात आलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू ऐकलं असतंस?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाल्या. पांढऱ्या खोळी त्यांनी उसवल्या आणि गच्चीत कुरडया वाळत घालायला काढून ठेवल्या. शमशुद्दीननी आशेने पुन्हा गादीपाटाचा विषय काढून पाहिला. बाई म्हणाल्या, "आता आपण दोघांनीही निवडायचं नाही."

त्यांनी रुपालीला विचारलं, माझ्याबरोबर कापड घ्यायला येशील का. रुपाली आधी नाहीच म्हणाली. मुलांच्या अंथरुणासाठी कापड विकत घ्यायचं असतं हेच तिला नवीन होतं. तिच्याकडे सगळी अंथरुणं जुन्या साड्यांची. पण बाईंनी, तू नसशील तर मीही जाणार नाही, असं सांगितलं, तेव्हा ती तयार झाली. रविवारी भुसार बाजार बंद असतो. अप्परच्या आपल्या वस्तीतून बस पकडून, ठेवणीतली साडी नेसून, तनयाला कडेवर घेऊन ती रविवार पेठेच्या कोपऱ्यावर बाईंच्या आधी येऊन उभी होती.

दुकानात लहान मुलांचं कापड म्हटल्यावर विक्रेत्याने ढीगच टाकला. कार्टूनची चित्रं, चांदण्या, मोटारी, मखमलीसारखं लवदार, सॅटिनसारखं चमकणारं. रुपालीची नजर एका गुलाबी चमकदार कापडावर गेली. तिने हळूच हात फिरवला आणि तिच्या बोटांच्या भेगांत त्याचा धागा अडकून ओढला गेला. काहीतरी फोडल्यासारखा तिने हात मागे घेतला. विक्रेता काही बोलायच्या आत कमरजहांबाई म्हणाल्या, "हे उचला. हिचा हात रोज त्या अंथरुणावरून फिरणार आहे. त्याला अडकेल असलं कापडच नको आम्हाला."

एवढ्या एका वाक्याने निम्मा ढीग परत गेला. रुपाली बाईंकडे बघत राहिली आणि मग जरा सरसावून बसली. त्यानंतर तिने ज्या रीतीने कापडं बघितली ती बघून बाईंना आपल्या शाळेतल्या हुशार मुली आठवल्या. ती बोटांनी कापड बघतच नव्हती. ते मनगटाच्या आतल्या बाजूने घासायची, मग गालाला लावायची. एक निळं कापड गालाला पसंत पडलं, तेव्हा तिने त्याची घडी नाका-तोंडावर धरली आणि श्वास घेतला. मग नको म्हणून बाजूला सारलं.

बाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, "लेकरं पालथी झोपत्यात की. जीव गुदमरतो."

कमरजहांबाईंनीही घडी उचलून नाकावर धरली. खरंच गुदमरत होतं. कापडात सूत कमी आणि दुसरंच काही जास्त होतं. पुढचा बराच वेळ त्या दोघी दुकानात समोरासमोर बसून एकेक कापड नाकावर धरून श्वास घेत होत्या, आणि मधे बसलेली तनया तेच खेळ समजून दोघींची नक्कल करत होती. मलमल श्वासाला छान होती, पण ती धुण्यात चार महिन्यांत विरेल, असं बाईंनी सांगितलं. पॉपलिन रुपालीच्या गालाला कडक वाटलं. केंब्रिकवर दोघींचं एकमत झालं. सुती, पातळ तरी घट्ट विणीचं, हाताला न अडकणारं.

आता रंग. कमरजहांबाई तोंड मिटून बसल्या. रुपालीला जो आवडेल तो, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, मग तो काळाकुट्ट का असेना. रुपालीने पाच-सहा रंगांचे तागे शेजारी शेजारी उलगडायला लावले आणि बाईंना विचारलं, "तुमाला डाग दिसायला पायजे ना?"

तिने आपली पिशवी उलटी केली. रोज यार्डात नेल्याने तिच्या शिवणीत मिरचीचा चुरा कायमचाच बसलेला होता. तो तिने चिमूटभर चिमूटभर प्रत्येक कापडावर झटकला. विक्रेत्याला शिंका सुटल्या. जांभळ्यावर चुरा नाहीसा झाला, केशरीवर नाहीसा झाला, फुलाफुलांच्या कापडावर शोधावा लागला. फिकट हिरवं, मुगासारखं एक कापड होतं, त्यावर मात्र एकेक कण लांबून मोजता यावा असा उठून दिसत होता.

बाई उठून उभ्या राहिल्या. आपण आठवडाभर बजावून सांगत होतो ते या मुलीने सगळं लक्षात ठेवलं होतं, आणि स्वतःचं दुःखही बाजूला टाकलं नव्हतं. दोन्ही गोष्टी जिथे भागतील अशी जागा तिने शोधून काढली होती. कुणाच्या हुशारीचं कौतुक तोंडावर करायची बाईंना फारशी सवय नव्हती. वर्गात त्या नुसती मान हलवायच्या, तशीच त्यांनी आत्ताही हलवली. पण घरी गेल्यावर शमशुद्दीनना हा प्रसंग त्यांनी इतक्या वेळा सांगितला की शेवटी ते म्हणाले, त्या दुकानात मीही होतो असं मला वाटायला लागलंय.

शमशुद्दीननी कापड हातात घेऊन बघितलं आणि ठीक आहे म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. मग त्यांनी ते शिवायच्या आधी मिठाच्या पाण्यात भिजत घातलं. पहिलं पाणी हिरवंगार निघालं, दुसरं त्याहून कमी. पाणी स्वच्छ निघेपर्यंत त्यांनी कात्री उचलली नाही. खोळींना चेन लावायला त्यांनी नकार दिला, बटणंही नकोत म्हणाले, पोरं तोंडात घालतात. पायाच्या बाजूला आखूड नाड्या लावल्या, मुलाच्या हाताला किंवा गळ्याला गुंतणार नाहीत एवढ्याच.

पुढच्या सोमवारी रुपाली सगळ्यांच्या आधी आली. तिने हात आधी तेलाने चोळले, मग साबणाने धुतले, हुंगून बघितले आणि पुन्हा धुतले. मग तनयाला गादीवर ठेवलं. तनया पालथी झाली, कापडावर दोन-तीनदा हात आपटून बघितला आणि आईकडे बघून हसली. रुपाली तिथेच बसून राहिली. मागून आलेल्या बायका दाराशी थांबून बघत होत्या. त्यांतली एक पुढे झाली आणि तिने शेजारच्या गादीवर आपलं मूल ठेवलं. दुपारपर्यंत एकेका गादीवर दोन-दोन मुलं झोपली होती आणि फरशी रिकामी होती. पंखा फिरत होता. कमरजहांबाई भिंतीला टेकून बसल्या आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना दुपारची झोप लागली.

पुढच्या आठवड्यात रावसाहेब पहिल्यांदा माळ्यावर आले. चपला खाली काढून आले, हे बायकांनी आपापसांत बोलून घेतलं. ओळीने झोपलेल्या मुलांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि माझ्या नातवाला असली गादी नाही, असं काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाले. शमशुद्दीननी त्या नातवासाठीही एक भरली.

पाऊस लागल्यावर खोळी वाळेनात, म्हणून आणखी एक संच करायचं ठरलं. या वेळी कमरजहांबाई गेल्याच नाहीत. कापड आणायला रुपाली आणखी चार बायका घेऊन गेली. त्या दुकानात सगळ्याजणी नाकावर घड्या धरून बसल्या होत्या म्हणे, आणि विक्रेत्याने कपाळाला हात लावला. कापड सुती होतं, श्वासाला मोकळं, हाताला न अडकणारं, रंग फिकट आकाशी. पण त्यावर तळहाताएवढे पोपट होते. लाल चोचींचे, पिवळ्या पंखांचे, एकमेकांकडे डोळे वटारून बघणारे.

शमशुद्दीननी ते घरी उलगडून धरलं. पोरांनी झोपायचं की पोपट मोजायचे, असं ते पुटपुटले. रुपालीने बाईंकडे बघितलं. लाल चोचींमुळे डाग दिसायला जरा अवघड जाईल, हे तिला ठाऊक होतं, आणि रोज सकाळी आम्ही पाळीपाळीने हात फिरवून बघू, हेही तिने आधीच ठरवून आणलं होतं. कापड सगळ्यांना आवडलं, ती म्हणाली. भांडण झालं, पण शेवटी सगळ्यांना हेच आवडलं.

कमरजहांबाईंना ते कापड मुळीच आवडलं नाही. त्यांनी ते नाकावर धरून श्वास घेतला, मनगटाच्या आतल्या बाजूने घासलं आणि वर्गात हलवायच्या तशीच मान हलवली. मग बादली भरून मिठाचं पाणी केलं आणि बाह्या सावरून स्वतः ते भिजवायला बसल्या.